पहिली सुई रुग्णावर नको!

नागपूर : न्हाणीघरात पाय घसरून सत्तरीतील आजी पडतात. खुब्याचे हाड मोडते. घरची मंडळी चादरीच्या झोळीत उचलून त्यांना गाडीत ठेवतात किंवा १०८ क्रमांकावर दूरध्वनी करतात आणि सक्करदरा चौकातून गाडी 'मेडिकल'च्या दिशेने निघते. पुढचा क्रम ठरलेला. कॅज्युअल्टीत नोंद, स्ट्रेचर, एक्स-रेच्या टेबलावर चढवणे, पुन्हा उतरवणे, अस्थिरोग विभागाचा वॉर्ड, पायाला वजन बांधणे. यातील प्रत्येक टप्प्यावर मोडलेल्या हाडाची टोके हलतात आणि प्रत्येक हालचालीला आजी विव्हळतात. निदान पहिल्याच एक्स-रेत होते, शस्त्रक्रियेचा दिवसही यथावकाश ठरतो. मधल्या काळातील वेदनेला मात्र कुणी वाली नसतो.

ही कुणा एका रुग्णालयाची तक्रार नव्हे. गर्दीने ओसंडून वाहणाऱ्या कोणत्याही अपघात विभागात थोड्याफार फरकाने हेच दृश्य दिसते. या वेदनेवर उपाय नाही, असेही नाही. सोनोग्राफीच्या साहाय्याने नेमकी नस शोधून तिच्याभोवती बधिरीकरणाचे औषध सोडण्याची पद्धत, म्हणजे 'नर्व्ह ब्लॉक', आज जगभरात रूढ झाली आहे. अनेक देशांत हे काम कॅज्युअल्टीतील डॉक्टरच करतात. प्रश्न आहे तो हा, की आपल्याकडील कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना हे कौशल्य शिकवायचे कोणी, कुठे आणि कोणावर?

दंतवैद्याच्या खुर्चीतून कॅज्युअल्टीत

नर्व्ह ब्लॉक हा शब्द नवा वाटला, तरी अनुभव नवा नाही. खालची दाढ काढताना दंतवैद्य जबड्याच्या मागच्या बाजूला इंजेक्शन देतो आणि अर्धा ओठ बधीर होतो, तो एक प्रकारचा नर्व्ह ब्लॉकच. रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो, बोलतो, ऐकतो. फक्त त्या भागातील वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचत नाही. हेच तत्त्व जांघेतील नसेला लावले, तर मोडलेल्या खुब्याची वेदना बरीच कमी होते. छातीच्या कडेला लावले, तर बरगड्या मोडलेल्या रुग्णाला खोल श्वास घेता येतो.

स्थानिक बधिरीकरणाची सुरुवात १८८४ मध्ये व्हिएन्नात झाली. कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब टाकून डोळा बधीर करता येतो, हे दाखवून दिले. त्यानंतर शंभर वर्षे नसांपर्यंत सुई पोहोचवण्याचे काम अंदाजानेच चालले. हाडाचे उंचवटे, धमनीचा ठोका, सुई नसेला लागल्यावर रुग्णाला येणाऱ्या मुंग्या, पुढे विजेचा सौम्य झटका दिल्यावर हलणारे स्नायू, अशा खुणांवर डॉक्टर विसंबून असत. १९९४ मध्ये पुन्हा व्हिएन्नातीलच डॉक्टरांनी गळपट्टीच्या हाडावरील नसांचा ब्लॉक प्रत्यक्ष सोनोग्राफीत पाहून देता येतो, हे प्रसिद्ध केले. सुई, नस, शेजारची रक्तवाहिनी आणि पसरणारे औषध हे सारे पडद्यावर एकाच वेळी दिसू लागले. आंधळी सुई डोळस झाली.

तिचे फायदेही तपासले गेले आहेत. खुब्याच्या अस्थिभंगातील नर्व्ह ब्लॉकविषयी कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये अद्ययावत केलेल्या आढाव्यात ४९ चाचण्यांचा विचार झाला. ब्लॉक दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत हालचालीच्या वेळची वेदना घटते आणि वृद्धांमध्ये इस्पितळात उद्भवणारा भ्रम कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. फुप्फुसाचा संसर्गही कमी होत असावा, असे हा आढावा सांगतो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत, पॅरासिटामॉल व अफूवर्गीय औषधांनी पुरेसा आराम पडत नसेल तर ब्लॉकचा विचार करावा, असे सांगितले. अमेरिकेतील आपत्कालीन डॉक्टरांच्या महाविद्यालयाने २०२१ मध्ये त्याहून पुढचे पाऊल टाकले. सोनोग्राफीच्या मदतीने दिलेला नर्व्ह ब्लॉक हा आपत्कालीन डॉक्टरांच्या कार्यकक्षेतील आणि वेदनाशमनातील गाभ्याचा भाग आहे, अशी भूमिका त्याने जाहीर केली.

रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ कुठे?

'हे तर भूलतज्ज्ञांचे काम आहे', असा आक्षेप येथे घेतला जातो. तो चुकीचा नाही. या विद्येचे जनक आणि शिक्षक भूलतज्ज्ञच आहेत. पण रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियागृहात असतो. तेथे पोट उघडलेला रुग्ण किंवा अडलेली बाळंतीण त्याच्या हवाली असते. त्याने ते सोडून खुब्याच्या वेदनेसाठी कॅज्युअल्टीत यावे, अशी अपेक्षा करता येत नाही. रुग्णाजवळ त्या क्षणी जो डॉक्टर उभा आहे, त्याच्याच हाती उपाय असायला हवा.

नेहमीच्या औषधांनाही मर्यादा आहेत. डायक्लोफेनॅकसारखी इंजेक्शने वृद्धांच्या मूत्रपिंडाला व जठराला झेपतीलच असे नाही. अफूवर्गीय औषधांनी वृद्ध गुंगतात, बरळतात, त्यांना उलट्या होतात. मॉर्फिनचा तर आपल्याकडे साठाही जपून करावा लागतो. अमली पदार्थविरोधी १९८५ च्या कायद्यातील किचकट परवान्यांची वाट २०१४ च्या दुरुस्तीने सुकर झाली असली, तरी मॉर्फिनविषयीची धास्ती गेलेली नाही.

हा प्रश्न केवळ आजींपुरता नाही. भोसल्यांच्या वाड्यामुळे आणि तलावामुळे ओळखला जाणारा सक्करदरा परिसर आज उमरेड मार्गावरील वर्दळीने गजबजलेला आहे. ९ सप्टेंबर २०२२ रोजी सक्करदरा उड्डाणपुलावर भरधाव मोटारीने दुचाकींना दिलेल्या धडकेत एकाच कुटुंबातील चौघांचा मृत्यू झाला. त्या रात्रीची आठवण नागपूरकरांच्या मनातून पुसली गेलेली नाही. अशा अपघातांनंतर चर्चा होते ती मृतांची, आणि ती व्हायलाच हवी. पण त्याच वर्षी देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, तर ४ लाख ४३ हजार ३६६ जण जखमी झाले, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. मोडलेली मांडी, चेंगरलेला हात, तुटलेल्या बरगड्या घेऊन स्ट्रेचरवर पडलेली ही माणसे आकडेवारीत एका रकान्यात संपतात.

अकरा मिलिलिटरचे गणित

उपाय इतका गुणकारी आहे, तर उद्यापासून सर्वांनी तो सुरू करावा, असे म्हणणे मात्र धोक्याचे ठरेल. बधिरीकरणाचे औषध चुकून रक्तवाहिनीत गेले किंवा प्रमाणाबाहेर दिले गेले, तर ओठांभोवती मुंग्या येतात, कानात आवाज होतो, झटके येतात आणि हृदयही बंद पडू शकते. सुई थेट नसेत शिरली, तर नसेला इजा होते. पोटरी चेंगरलेल्या रुग्णाची वेदना घालवली, तर आत वाढणारा दाब वेळीच ध्यानात न येता पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणूनच ब्लॉक कोणाला द्यायचा नाही, हेही तितकेच शिकावे लागते.

साधे गणित पाहू. आजींचे वजन ५० किलो आहे. साध्या लिग्नोकेनची सर्वसाधारण कमाल मात्रा दर किलोमागे ४.५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे त्यांच्यासाठी २२५ मिलिग्रॅम. २ टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे जेमतेम ११ मिलिलिटरमध्ये मर्यादा संपली. खुब्यासाठी दिल्या जाणाऱ्या 'फॅशिया इलियाका' ब्लॉकला तर ३० ते ४० मिलिलिटर द्रावण लागते, कारण तेथे औषध एका पडद्याखाली पसरून नसांपर्यंत पोहोचावे लागते. बाटलीतील औषध आहे तसे भरले, तर आजींना तिप्पट मात्रा जाईल. ते किती पातळ करायचे, कोणते औषध निवडायचे, हा हिशेब कॅज्युअल्टीच्या गोंगाटात, झोपेने जडावलेल्या डोळ्यांनी बिनचूक करावा लागतो.

शल्यक्रियेच्या जगात 'एक बघा, एक करा, एक शिकवा' ही जुनी रीत आहे. तिच्यात दुसऱ्या पायरीवरचा रुग्ण हा नकळत सरावाचे साधन बनतो. सरकारी रुग्णालयात तो रुग्ण बहुधा गरीब असतो, हे सांगायला नको. वैमानिकाने पहिले खडतर उतरणे प्रवाशांना घेऊन करावे, असे कुणी म्हणत नाही. त्यासाठी जमिनीवरील सराव यंत्रे असतात. वैद्यकातील 'सिम्युलेशन' म्हणजे हुबेहूब परिस्थिती उभारून केलेला सराव, ती हीच कल्पना आहे. पहिली चूक व्हायचीच असेल, तर ती निर्जीव ठोकळ्यावर व्हावी.

जिलेटिन, इसबगोल आणि सुई

सिम्युलेशन म्हटले, की कोट्यवधींची यंत्रे डोळ्यांपुढे येतात. नर्व्ह ब्लॉकच्या प्राथमिक सरावाला तेवढे काही लागत नाही. परदेशी कंपन्यांचे रबरी ठोकळे महाग असतात, हे खरे. पण जिलेटिन घट्ट बसवून त्यात इसबगोलाची भुकटी मिसळली, तर सोनोग्राफीच्या पडद्यावर ते मांसासारखे करडे दिसते. त्यात पाण्याने भरलेली बारीक नळी ठेवली की रक्तवाहिनी तयार. कोंबडीच्या मांसाचा तुकडा आणि त्यात सरकवलेला स्नायुबंध यांवरही हात बसवता येतो. हे सारे इतवारीच्या बाजारात काही शे रुपयांत मिळू शकते.

अवघड असते ते हाताचे वळण. डाव्या हातात सोनोग्राफीचा प्रोब, उजव्या हातात सुई आणि नजर मात्र दोन्ही हातांवर नव्हे, तर समोरच्या पडद्यावर. प्रोबमधून निघणारा ध्वनिलहरींचा पट्टा अवघा मिलिमीटरभर जाडीचा असतो. सुई त्यातून किंचित सरकली, की पडद्यावरून नाहीशी होते आणि शिकाऊ डॉक्टर ती दिसत नसतानाही पुढे रेटतो. अमेरिकेतील डार्टमथ येथील भूलतज्ज्ञांनी २००७ मध्ये शिकाऊ डॉक्टरांच्या चित्रफिती तपासून नेमक्या याच चुका नोंदवल्या : सुई दिसत नसताना ती पुढे ढकलणे आणि नकळत प्रोब हलवणे. या दोन्ही चुका ठोकळ्यावर शेकडो वेळा करून सुधारता येतात. माणसावर त्या एकदाही परवडत नाहीत.

हात बसला, की दुसरा टप्पा येतो. त्यात पुतळा असतो, त्याचा हृदयालेख दाखवणारा पडदा असतो आणि सोबत परिचारिका व इंटर्न असतात. ब्लॉक दिल्यावर दोनच मिनिटांत 'रुग्ण' बरळू लागतो, झटके येतात. डॉक्टर मदतीला कोणाला हाक मारतो? २० टक्के लिपिड इमल्शनची बाटली कुठल्या कपाटात आहे? दर किलोमागे १.५ मिलिलिटर या हिशेबाने ५० किलोच्या रुग्णाला ७५ मिलिलिटर द्यायचे, हे कोणाला पाठ आहे? या चरबीयुक्त द्रावणाने हृदय पुन्हा सुरू झाल्याची माणसांतील पहिली नोंद २००६ मधील आहे. औषध सापडले, ते वेळेवर हाती लागणे हा सरावाचा भाग आहे.

तिसरी गोष्ट तर अगदी साधी वाटावी अशी आहे. उजवा पाय मोडला असताना ब्लॉक डाव्या पायाला दिला जाण्याचे प्रकार जगभर घडतात. ब्रिटनमध्ये त्यासाठी २०११ मध्ये 'सुई टोचण्यापूर्वी थांबा' अशा अर्थाची मोहीम राबवण्यात आली. सुई टोचण्याच्या क्षणाआधी थांबून बाजू मोठ्याने उच्चारायची, एवढेच. ही सवयही तालमीतूनच लागते.

नियमांची ये-जा

मग ही तालीम होत का नाही? पहिले कारण आपत्कालीन वैद्यकशास्त्राच्या उपेक्षेत आहे. भारतीय वैद्यक परिषदेने या विषयाला स्वतंत्र विद्याशाखा म्हणून २००९ मध्ये मान्यता दिली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२० च्या नियमांत वैद्यकीय महाविद्यालयांसाठी हा विभाग आणि कौशल्य प्रयोगशाळा अनिवार्य केली. २०२३ च्या नियमांत मात्र आपत्कालीन वैद्यकशास्त्र अनिवार्य विभागांच्या यादीतून गेले. तीन वर्षांत विभाग आला आणि गेला. कौशल्य प्रयोगशाळेची खोली राहिली, पण कॅज्युअल्टीतील डॉक्टरला तेथे घेऊन जाणारा हक्काचा विभागप्रमुख अनिवार्य राहिला नाही.

दुसरे कारण मनुष्यबळाचे आहे. अनेक रुग्णालयांत कॅज्युअल्टी ही पाळीवर नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या आणि इंटर्नच्या भरवशावर चालते. आज येथे असलेला डॉक्टर काही महिन्यांनी दुसरीकडे गेलेला असतो. त्याला शिकवण्यात वेळ कोण घालवणार? अकॅडमी ऑफ रिजनल ॲनेस्थेशिया ऑफ इंडियासारख्या भूलतज्ज्ञांच्या संघटना कार्यशाळा घेतात. त्यांचा ओघ स्वाभाविकच भूलतज्ज्ञांकडे आहे. शिवाय एका रविवारच्या कार्यशाळेने प्रमाणपत्र मिळते, हात बसत नाही. ठरावीक काळाने पुन्हा सराव आणि प्रत्येकाची परीक्षा नसेल, तर शिकलेले विरून जाते.

यंत्र आणि कायदा

तिसरे कारण अधिक नाजूक आहे. सोनोग्राफी यंत्र हे आपल्याकडे केवळ वैद्यकीय उपकरण नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. त्यानंतर केंद्राचा १९९४ चा कायदा आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. यंत्र कोणत्याही कारणासाठी घेतले, तरी त्याची नोंदणी बंधनकारक आहे. २०१२ च्या नियमांनी हलवता येण्याजोग्या यंत्रांवर आणखी बंधने घातली. नोंदणी असलेल्या जागेच्या आत, तेथील दाखल रुग्णांसाठीच ते वापरावे, अशी तरतूद झाली. फिरत्या वैद्यकीय पथकांसाठी वेगळी मुभा आहे. परिणामी कॅज्युअल्टीत यंत्र ठेवायचे म्हटले, की कागदपत्रांच्या भीतीने अनेकांचे हात आखडतात.

ही बंधने उगाच आलेली नाहीत. राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण २००१ मध्ये ९१३ होते. २०११ मध्ये ते ८९४ वर घसरले. बीड जिल्ह्यात तर ते ८०७ होते. त्यामुळे 'डॉक्टरांच्या सोयीसाठी कायदा सैल करा' ही मागणी कोणालाही पटणार नाही, पटूही नये. पण कायद्याच्या चौकटीत राहून कॅज्युअल्टीसाठी स्वतंत्र यंत्राची रीतसर नोंदणी करणे, ते वापरणाऱ्या पात्र डॉक्टरांची नावे नोंदवणे आणि प्रत्येक वापराची वही ठेवणे, हे रुग्णालय प्रशासनाला करता येण्यासारखे आहे. नसा पाहण्यासाठी लागणारा प्रोब शरीरात काही सेंटिमीटर खोलीपर्यंतचेच स्पष्ट दाखवतो. यंत्राला केवळ तोच प्रोब जोडलेला असेल, तर गैरवापराची शक्यताही घटते. अशा यंत्रांबाबत आरोग्य खात्याने स्पष्ट कार्यपद्धती आखली, तर प्रामाणिक डॉक्टरांची धास्ती कमी होईल.

नागपूरला शक्य आहे

या प्रयोगासाठी नागपूरइतके अनुकूल शहर शोधून सापडणे कठीण. १९४७ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे 'मेडिकल', सक्करदऱ्यापासून जवळ आहे. 'मेयो' शहराच्या दुसऱ्या बाजूला आहे. मिहान परिसरातील 'एम्स'चे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. विदर्भासह शेजारच्या मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणातील रुग्ण येथे येतात. या संस्थांतील भूलतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ आणि कॅज्युअल्टीचे डॉक्टर यांनी मिळून एकच सामायिक अभ्यासक्रम आखला, तर ठोकळे, पुतळे आणि शिक्षक यांची उणीव प्रत्येकाला वेगवेगळी भासणार नाही.

सुरुवात फार मोठी करण्याचीही गरज नाही. खुब्यासाठी एक, बरगड्यांसाठी एक आणि हाताच्या पंजासाठी एक असे तीनच ब्लॉक निवडावेत. प्रत्येक डॉक्टरने ठोकळ्यावर ठरलेली पातळी गाठल्याशिवाय रुग्णावर सुई धरू नये. पहिले काही ब्लॉक भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्हावेत. प्रत्येक ब्लॉकची बाजू, औषध, मात्रा, वेळ आणि परिणाम यांची नोंद व्हावी आणि दर महिन्याला ती तपासली जावी. लिपिड इमल्शनची बाटली कॅज्युअल्टीच्या कपाटात नसेल, तर ब्लॉक देऊच नये.

रुग्णवाहिकेलाही या साखळीत स्थान आहे. राज्यात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ सेवेत डॉक्टर असतो आणि तो बहुतेक वेळा आयुर्वेद पदवीधर असतो. सक्करदरा चौकातच शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. या डॉक्टरांनी रुग्णवाहिकेत ब्लॉक द्यावा, असे कोणी सुचवत नाही. मात्र मोडलेला पाय फळीला नीट बांधणे, वेदना शून्य ते दहाच्या मापात विचारून लिहिणे आणि वाटेत दिलेल्या औषधाची वेळ कॅज्युअल्टीला कळवणे, एवढे झाले तरी पुढच्या डॉक्टरचे अर्धे काम सोपे होईल. त्याचाही सराव त्याच प्रयोगशाळेत होऊ शकतो.

या सर्वांत सर्वांत महाग वस्तू आहे ती वेळ. शिकवणाऱ्या भूलतज्ज्ञाचे आठवड्यातील दोन तास आणि शिकणाऱ्या डॉक्टरला पाळीतून मिळालेली तेवढीच सवड. इमारतीसाठी निधी मंजूर होतो, यंत्रासाठी निविदा निघते. या दोन तासांसाठी मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात रकाना नसतो. तो रकाना तयार झाला, तर सक्करदऱ्याहून निघालेल्या आजी एक्स-रेच्या टेबलावर चढण्यापूर्वीच त्यांच्या पायाची वेदना ओसरू लागलेली असेल. मोडलेले हाड जुळायला वेळ लागणारच आहे. वेदनेने त्यासाठी ताटकळत राहण्याचे काहीच कारण नाही.